डोरा की डोळा? मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकावरून घरच्या ग्रुपवर

मोठीआई, संध्या. 7:48
कालच्या तालमीचा व्हिडिओ टाकला. सगळ्यांनी पाहा. आपला पोट्टा दुसऱ्या अंकात येते.

आमगावचे भाऊजी, 7:55
पाहिला. उभा राहते तर छान, पण वाक्य बोलताना अडकते काहून?

धाकटी काकू, 7:58
दादानं पुण्याहून संवाद लिहून पाठवले ना, तेच पाठ करून रायला दोन दिवसांपासून. "माझ्या डोळ्यांदेखत वडिलांची जमीन गेली." डोळ्यांपाशी आला की थांबते. घरी तर डोराच म्हणते तो.

पुण्याचा दादा, 8:06
काकू, मीच लिहिलंय ते. मंडई झाली की नाटक यूट्यूबवर टाकायचं ठरलंय. बाहेरचे लोकही पाहतील, म्हणून भाषा जरा नीट असावी असं वाटलं. आठ-दहा तालमींत जमेल त्याला.

मोठेबाबा, 8:41
दादा, तू मनापासून केलंस हे माहीत आहे. पण मला यावर सविस्तर लिहायचं आहे, जेवण झालं की वाचा.

आपल्या सालेकशाहून गाडीत बसलं की डोंगरगड, पुढे राजनांदगाव, मग दुर्ग, रायपूर. त्या रायपुरात 1 सप्टेंबर 1923 ला नाटककार-दिग्दर्शक हबीब तनवीर जन्मले. मूळ नाव हबीब अहमद खान. शायरी करायचे, म्हणून तनवीर हे नाव घेतलं. मुंबईत रेडिओ, इप्टा ही डाव्या विचारांची नाट्यसंस्था, सिनेमा सगळं केलं. 1954 ला दिल्लीत 'आग्रा बाजार' बसवलं, त्यात जामिया मिलिया या शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी आणि ओखला गावची साधी माणसं एकत्र उभी केली. 1955 ला इंग्लंडला नाट्यशिक्षण घ्यायला गेले. पुढच्या वर्षी जर्मन नाटककार ब्रेख्तला भेटायला म्हणून बर्लिनला पोचले तर ब्रेख्त नुकताच वारला होता. तरी ते तिथं राहिले आणि त्याची नाटकं पाहत बसले.

1958 ला परत आले तेव्हा त्यांनी रायपूरकडच्या नाचा या लोकनाट्यातले सहा कलावंत दिल्लीला नेले. ठाकूरराम, मदन निषाद, लालूराम, भुलवाराम ही त्यातली नावं. त्यांना घेऊन 'मिट्टी की गाडी' केलं, म्हणजे आपलं मृच्छकटिक. 1959 ला पत्नी मोनिका मिश्रा यांच्यासोबत 'नया थिएटर' काढलं. आता खरी गोष्ट ऐक. गावात जे नट रात्रभर मैदान हलवायचे, तेच दिल्लीच्या रंगमंचावर अवघडायचे. का, हे तनवीरांना उमगायला दहा-बारा वर्षं लागली. ते नट हिंदीत बोलत होते, छत्तीसगढीत नाही. वर दिग्दर्शक सांगे, अमुक वाक्यावर डावीकडून या, इथं थांबा, तिकडं वळा. त्यांचा अर्धा जीव पावलं मोजण्यात आणि अर्धा शब्द आठवण्यात जायचा. अभिनयाला उरणार काय?

ही चूक त्यांची स्वतःचीच होती आणि पुढे मुलाखतींत त्यांनी ती उघड कबूल केली. मला त्या माणसाचं सगळ्यात मोठेपण यात वाटते.

नागपूरची ताई, 8:52
मोठेबाबा, ते आमच्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी.ए. झाले होते ना? 1944 ला. कॉलेजात असताना वाचलं होतं मी.

मोठेबाबा, 9:03
हो गं, तेच. मग 1973 ला रायपुरात नाचाच्या कलावंतांचं शिबिर घेतलं. त्यांच्याच जुन्या प्रहसनांतून छत्तीसगढी नाटक उभं केलं. त्यानंतर आला 'चरणदास चोर', 1975. चोर गुरूसमोर शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, कोणी दिलं तरी राज्य घेणार नाही. आणि गुरू आणखी एक घ्यायला लावतो, खोटं बोलणार नाही. पुढे एकेक गोष्ट खरोखरच दारात येते. शपथा मोडत नाही म्हणून चोर जिवानिशी जातो. सतनामी समाजाचं पंथी गाणं-नाच त्यात आहे. चरणदासची भूमिका गाजवणारे गोविंदराम निर्मलकर राजनांदगावकडचे, 2009 ला त्यांना पद्मश्री मिळाली.

लहानपणी आबाजींच्या बंडीत बसून मी डोंगरगडच्या अलीकडे नाचा पाहायला गेलो आहे. समोरच्या म्हाताऱ्याला एक बोलणं आवडलं, त्यानं उठून बक्षीस दिलं. नटानं ते कपाळाला लावलं आणि तोच प्रसंग पुन्हा केला, पण दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत. पाठ केलेलं असतं तर जमलं असतं का?

पुण्याचा दादा, 9:15
पटतंय मोठेबाबा. पण मनातलं सांगतो. मी इथं आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात "करून रायलो" म्हणालो, तर सगळा वर्ग हसला. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. आपल्या पोरावर स्टेजवर कोणी हसू नये, एवढंच होतं मनात.

मोठीआई, 9:18
हे तू कधी सांगितलंस नाही रे आम्हाला.

मोठेबाबा, 9:31
बाळा, ते आम्हाला कळायला पाहिजे होतं.

हसण्याचंच सांगतो. 1982 ला 'चरणदास चोर' स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवाला गेलं. तिथल्या प्रेक्षकांना छत्तीसगढीचा एक शब्द कळत नव्हता. तरी नाटकाला फ्रिंज फर्स्ट हा मोठा मान मिळाला. नटाला आपलं बोलणं पक्कं माहीत असलं की अनोळखी माणूसही त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. तनवीर 8 जून 2009 ला भोपाळला गेले, वयाच्या 85 व्या वर्षी. ती चूक उमगल्यावर शेवटपर्यंत त्यांनी त्या नटांची बोली बदलली नाही.

आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भात, तर लोक दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र बसून नाटक पाहतात. मंडईला येणारी बाई दिवसभर धान कापून येते. तिच्यासमोर "वडिलांची जमीन" म्हटलं तर ती ऐकून घेईल. "बापाची बांधी गेली" म्हटलं तर पदर डोळ्याला लावेल.

आमगावचे भाऊजी, 9:36
खरं आहे. बांधी म्हणजे धानाचं शेत, ते आपल्याला समजावून सांगा लागत नाही.

पुण्याचा दादा, 9:40
मग माझी वाक्यं काढून टाका. तेच मी प्रमाण मराठीत यूट्यूबवर व्हिडिओखाली ओळींत देतो. बाहेरच्यांना वाचता येईल, त्याला बोलावं लागणार नाही. चालेल?

मोठेबाबा, 9:42
एकदम चालेल. ते काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.

धाकटी काकू, 9:58
आत्ता अंगणात म्हणायला लावलं. "माज्या डोऱ्यादेखत बापाची बांधी गेली." एका दमात म्हटलं. शेवटी आवाज कापला त्याचा. मी शिकवलं नव्हतं ते. आजी ओट्यावरून उठून आली पाहायला.

मोठीआई, 10:02
उद्या तालीम रात्री 8 ला, शाळेच्या पटांगणात. कापणीवरून यायला उशीर झाला तर 9. पेटीवाल्यांना कोणी सांगितलं का?

आमगावचे भाऊजी, 10:04
मी सांगतो.