एकाच स्टेजवर सतार, जॅझ, रॉक आणि डीजे: गणित कसं बसवायचं?

नवआयोजक
संध्याकाळी ६ ते १०. स्टेज एक, ३२ चॅनलचा (म्हणजे माइक-वाद्यांच्या ३२ वायरी घेणारा) डिजिटल मिक्सर एक. सतार-तबला, जॅझ त्रिकूट (पियानो, डबल बास, ड्रम), पाच जणांचा रॉक बँड, शेवटी डीजे. लहान आवाजाकडून मोठ्याकडे जायचं एवढं ठरलंय. मधला वेळ, साउंड चेक आणि चॅनल यांचा मेळ लागत नाहीये. शिवाय सतार-तबला आणि रॉक बँडने मिळून एक रचना वाजवावी अशी इच्छा आहे. जमेल का?

कन्सोलकाका
क्रम बरोबर. रॉक ऐकून कान तात्पुरते बोथट होतात, त्यानंतर सतारीची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुणाला ऐकू येणार? पण पहिल्या नंबरचीही अडचण आहेच: आलाप चालू आणि लोक खुर्च्या शोधताहेत. दारं सव्वापाचला उघडा. सहानंतर आलेल्यांना आलाप संपल्यावरच आत सोडा. १९६७ च्या मॉन्टेरे महोत्सवात रविशंकरांना रविवारची दुपार स्वतंत्र दिली होती. रॉकवाले हेन्ड्रिक्स आणि द हू त्याच रात्री वाजले. तशी सोय होत असेल तर सोन्याहून पिवळं.

वेळ: सतार ५०, बदल १५, जॅझ ४०, बदल २०, रॉक ५०, बदल १०, डीजे ४५. झाली २३० मिनिटं. उरलेली १० कुणालाही कबूल करू नका, ती आपोआप खर्च होतात.

साउंड चेक उलट्या क्रमाने घ्या, डीजेपासून सतारीपर्यंत. म्हणजे दारं उघडतात तेव्हा पहिल्या कार्यक्रमाची मांडणी हलवावी लागत नाही. रॉकचे ड्रम चाकांच्या रायझरवर (उंच फलाटावर), माइक लावलेल्या अवस्थेतच मागे सरकवून ठेवा.

चॅनल: सतार १, तबला २, तानपुरा १. पियानो २, डबल बास २ (वाद्यावरच बसणारा पिकअप आणि माइक), जॅझ ड्रम ४. रॉक ड्रम ८, बास १, गिटार २, कीबोर्ड २, गायन ३. डीजे २, निवेदक १. एकूण ३१, बसलं की! म्हणून एकही चॅनल दोघांत वाटू नका. कार्यक्रमाच्या मध्यात वायरी उपसल्या की चुकीच्या जागी हमखास जातात, आणि चॅनल उघडं असताना मिक्सरकडून ४८ व्होल्ट वीज घेणारा माइक काढला तर ‘धप्प’ सगळ्या हॉलला ऐकू येतं.

ड्रमचा संच एकच ठेवा असं कुणी सुचवेल. ऐकू नका. जॅझचा बास ड्रम बहुधा १८ इंची आणि चढा लावलेला, रॉकचा २२ इंची आणि ढिला. दोघंही नाराज होतात.

प्रत्येक कार्यक्रमाचा सीन (मिक्सरची सगळी सेटिंग्ज) सेव्ह कराल तेव्हा निवेदकाचं चॅनल ‘रिकॉल सेफ’मध्ये टाका, नाहीतर सीन बदलताच तो वाक्याच्या मध्येच गप्प होतो. सबवूफर (खालच्या स्वरांचे स्पीकर) वेगळ्या ऑक्सवर (मिक्सरच्या स्वतंत्र आउटपुटवर) घ्या. सतार आणि तानपुरा त्यात अजिबात पाठवू नका. सतार-तबल्याचा पोकळ चौथरा खालच्या स्वरांनी घुमतो आणि बायाँच्या (तबल्यातल्या डाव्या, खर्जाच्या वाद्याच्या) माइकमधून गुरगुर सुरू होते. चौथऱ्यावर जाड सतरंजी घाला.

जवारी
दिव्यांचाही विचार करा. उष्णतेने सतारीच्या तारा उतरतात, तर तबल्याची पुडी (वरचं कातडं) सुकून चढते. दोघं विरुद्ध दिशांना पळतात! वाद्यं किमान २० मिनिटं आधी त्याच प्रकाशात ठेवा आणि मगच लावा. तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) लावायला दार बंद होणारी खोली द्या. बाहेर रॉकचा किक ड्रम चेक होत असताना तरफा लागत नाहीत. धुराचं मशीन सतार-तबला संपेपर्यंत बंद.

एकत्र रचनेसाठी सतार बदलायची नाही, बँडने बदलायचं. सतारीचा सा बहुतेक वेळा काळी एक, म्हणजे सी शार्प. गिटारवाल्यांनी चौथ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए चे आकार वाजवावेत. कीबोर्ड ४४० वर (ए = ४४० हर्ट्झ) असेल, तर सतारवाल्यांना सा त्याच्याशीच मिळवायला आधी सांगा. तबलाही त्याच साला.

नवआयोजक
म्हणजे ही रचना रॉकच्या शेवटी, डीजेच्या आधी? आणि ड्रमशेजारी सतारीचा माइक चालेल?

कन्सोलकाका
हो, तिथेच, रॉकच्या ५० मिनिटांतली शेवटची ८. माइक मात्र चालणार नाही, त्यात सतारीपेक्षा झांजाच जास्त येतील. सतारीला चिकटवायचा पिकअप डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या डबीतून) घ्या. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, २ ते ३ किलोहर्ट्झ थोडं कापा. तबल्याचे माइक अगदी जवळ आणा, मॉनिटर (कलाकारांसाठीचा स्पीकर) तबलजींच्या समोर नको, कडेला. पहिल्या बदलात चौथरा उचलू नका, माइकसकट विंगेकडे सरकवा. पिकअपला ३२ वं चॅनल, आणि त्याचाही साउंड चेक दुपारी रॉकबरोबरच उरकून घ्या.