टाउन हॉल: चित्रं बघितलीत का?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती सोडली तर काही नाही, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अहो, चित्रं न बघताच परत फिरलात की काय?

आबालाल रहिमान यांची चित्रं तिथंच आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार, पण मन रमलं ते कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेच्या काठावर. त्यांच्या जलरंगातलं पाणी बघायला घाई करून चालत नाही. बाबूराव पेंटर लोकांना सिनेमामुळं ठाऊक (आडनाव मेस्त्री, ‘पेंटर’ ही कमाई ब्रशची!), त्यांचीही चित्रं बघा.

पुढं राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. या नटानं आपलं घर चित्रांसकट शासनाला दिलं. पावडर शेडिंगची (कोरडी रंगपूड घासून छटा देण्याची पद्धत) कामं बघायची तर तिथंच.