शाळेनंतरच्या खेळघरात शिकाऊ मदतनीस: नेमकं काय शिकून घ्यावं?

काळीमाती
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात शाळा सुटल्यावर चालणाऱ्या खेळघरात शिकाऊ मदतनीस म्हणून लागलो आहे. पहिली ते सातवीची तीस-पस्तीस लेकरं, वेळ पाच ते सात. समाजमंदिराची एक खोली, ओसरी आणि मागचं आवार, त्यात एक मोठा कडुनिंब. मोठ्या ताई एक आणि मी. अभ्यास घेणं माझ्याकडे नाही, फक्त खेळ. ताई म्हणतात, सुरुवातीला नुसतं पाहा, मधे पडू नको. पण पाहायचं म्हणजे काय पाहायचं? पोट्टे भांडले तर कधी उठायचं? झाडावर चढू द्यायचं का? घरचे तर म्हणून राहिले, यात शिकण्यासारखं आहेच काय!

ओसरीवरून
घरच्यांना सांगा, इंग्लंडात याच कामाला प्लेवर्क म्हणतात आणि त्याची रीतसर प्रशिक्षणं चालतात. तिथल्या स्टुरॉक आणि एल्स या दोघांनी १९९८ मध्ये खेळाचं चक्र मांडलं, ते तुमच्या आवारातही जसंच्या तसं दिसेल.

एक पोरगं दुसऱ्याला खेळायला बोलावतं, पण तोंडानं क्वचितच. टायर लोटत नेऊन त्याच्या पायाशी सोडतं, पाठीवर खडा मारतं, जाता जाता खांदा घासतं. हा झाला इशारा. समोरच्यानं तो उचलला की खेळ जमला. नाही उचलला तर पुन्हा इशारा, मग पुन्हा, दरवेळी जरा जोरात. नव्या मदतनिसाच्या नजरेला नेमका शेवटचा जोराचा धक्काच पडतो आणि तो त्या पोराला रागावतो. आधीचे इशारे दिसायला लागले की तुमची नजर तयार झाली समजा. ताई "नुसतं पाहा" म्हणतात ते यासाठी.

वही ठेवा. वेळ, नावाचं पहिलं अक्षर, काय केलं, कशाशी खेळले, मी काय केलं, एवढंच. उदाहरणार्थ: "५.१५. अ टायर लोटून र च्या पायाशी सोडतो, तीनदा. र वळत नाही. चौथ्यांदा र टायरला लाथ मारतो, दोघं हसतात. ५.३५ पर्यंत उतारावरून टायर सोडणं. मी काही केलं नाही." यात "अ खोडकर आहे" असं लिहिलं की वही वाया गेली, कारण पुढच्या वेळी तुम्ही खोडीच शोधाल.

भांडणाचं म्हणाल तर चेहरा आणि हात बघा. हसू आहे, हात उघडे आहेत, वरचा खाली आणि खालचा वर असं आळीपाळीनं चाललंय, तर ती मस्ती, बसून राहा. ओठ आवळलेले, मुठी बंद, एकच सारखा खाली आणि बाकीची पोरं भोवती गोल करून उभी, तर उठा. धावत जाऊ नका. चालत जाऊन दोघांना दिसाल असे उभे राहा, बरेचदा तेवढ्यानं निवळतं. "कोणी सुरू केलं?" हा प्रश्न विचारू नका, त्यातून दुसरं भांडण निघतं. हातात दगड-काठी असली, किंवा हात गळ्यावर-डोक्यावर गेला, तर मात्र कसलीही वाट न पाहता मधे पडा.

तुराटी
वरचं सगळं बरोबर, पण निम्मं काम पोरं यायच्या आधीचं असते. साडेचारला आवारात एक फेरी मारायची. काच, तार, ब्लेड, बाभळीचे काटे, कुत्र्याची घाण, भिंतीकडेची बिळं. काळ्या मातीचं आवार असेल तर फेब्रुवारीनंतर भेगा पडतात आणि धावताना नेमका घोटा त्यात जातो. भेगांत मुरूम भरा, पाणी शिंपडा, धुम्मसानं, म्हणजे जमीन चोपायच्या जड ठोकळ्यानं, ठोका. नुसती माती ओढून बुजवलं तर आठ दिवसांत पुन्हा उघडते. पावसाळ्यात उलटं, चिखलाचे गोळे पायाला चिकटून पोरं आपटतात, म्हणून ओसरीपर्यंत मुरमाची वाट हवीच.

सामान विकत घेऊ नका. जुने टायर, बांबूचे तुकडे, जुन्या साड्या, खोके, टोपल्या, सुतळी, करवंट्या. सुटं सामान जेवढं जास्त तेवढे खेळ जास्त, हे सायमन निकोल्सननं १९७१ मध्येच लिहून ठेवलं आहे. टायरला खालून तीन-चार भोकं पाडा, नाही तर पाणी साचून डेंगूचे डास होतात. तार बाहेर आलेला टायर बाद. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, हलक्या, घर बांधायला झकास, पण मोडल्यावर टोकं सुरीसारखी होतात, म्हणून बुडखे कापून हातभर लांबीचे तुकडे करून द्या. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, नको. तिचा ढीग तर आवारात मुळीच नको, त्यात विंचू-साप येऊन बसतात.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा: फवारणीचे डबे, औषधाच्या बाटल्या, पंपाची नळी, बियाण्याची रिकामी पाकिटं यातलं काहीही खेळात येणार नाही, कितीही धुतलेलं असलं तरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. कपाशीच्या रंगीत बियांनाही औषध लावलेलं असते आणि पोरं नेमकी तीच भातुकलीत "डाळ" म्हणून घेतात.

काका_पुसद
झाडावर अजिबात चढू देऊ नये. पडलं पोरगं तर गाव तुम्हालाच धरणार. रेसटीप (लपाछपी), लगोरी, आट्यापाट्या आहेत नं, ते खेळवा की!

तुराटी
काका, बंदी घातली तर तुम्ही पाठ फिरवल्यावर चढतील, मग खाली कोणीच नसेल. डाबडुबली (सूरपारंब्या) तर झाडाशिवाय होतच नाही. चढू द्या, पण जागा तयार करून. वाळलेल्या फांद्या आधी कापून टाका. किती उंच, ते खोडाला चुन्याचा पट्टा मारून ठरवा. मोठ्या माणसाच्या खांद्याइतका पट्टा, त्याच्या वर पाय नाही. खाली फुटभर जाडीची नदीची रेती. उन्हाळ्यातली काळी माती फरशीसारखी कडक होते, तिच्यावर पडलं तर कमी उंचीवरूनही हात मोडतो. रेती दबत जाते, म्हणून आठवड्यातून एकदा फावड्यानं मोकळी करा आणि रात्री ताडपत्री टाका, नाही तर मांजरी घाण करतात. ओल्या खोडावर चढणं बंद. जे आपलं आपण चढते तेच चढेल, कोणालाही उचलून फांदीवर बसवायचं नाही, कारण त्याला उतरता येत नाही. गळ्यात ओढणी, दोरा, ओळखपत्राची फीत असेल तर खाली काढून ठेवायची.

लगोरीचं म्हणता तर खरा धोका तिथे आहे. कडक रबरी चेंडू तोंडावर बसतो, म्हणून चिंध्यांचा चेंडू करा. विटी-दांडूत विटीनं डोळा जातो. टोकं गोल घासा, मारणाऱ्याच्या मागे कोणी नको, समोरचे पंधरा पावलांवर.

मोठीताई_चंद्रपूर
सुरक्षेचं राहिलं, ते थोडक्यात.

हजेरीत येण्याची आणि जाण्याची, दोन्ही वेळा लिहा. कोणाला न्यायची परवानगी आहे त्यांची नावं पालकांकडून आधीच घ्या, भावंडं नेणार असतील तर तेही लिहून. "मी मामा आहे" म्हणणाऱ्याच्या हाती लेकरू देऊ नका, आधी आईला फोन. मोजणी दर वीस मिनिटांनी, आणि खोलीतून आवारात जाताना पुन्हा.

एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड कधीही नको. कोणी काही अत्याचाराचं सांगितलं तर खोदून विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. चाइल्डलाइन १०९८. लेकरांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, दिवाळीचेसुद्धा.

साप चावला तर मूल हलू द्यायचं नाही, कडं-पैंजण-बांगड्या काढा, १०८ लावा. बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक काही नाही. मण्यार चावली तर दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" यावर विसंबू नका. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, चुना-तिखट लावायचं नाही, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस.

वीज कडाडली की सगळे खोलीत, कडुनिंबाखाली नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप मोबाईलवर ठेवा. मार्च ते जूनमध्ये साडेपाचच्या आत धावायचे खेळ नकोत. टायर आणि लोखंडी वस्तूंवर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टिकत नसेल तर ती वस्तू सावलीत.

काळीमाती
फार उपयोगी, धन्यवाद. दोन गोष्टी अजून. कापूस वेचणी सुरू झाली की माय-बाप अंधार पडेपर्यंत वावरात, आणि पोरी दीड-दोन वर्षांचं भावंड कडेवर घेऊन येतात. आणि गडी वाटताना काही लेकरं नेहमी शेवटी उरतात.

ओसरीवरून
त्या पोरींचा खेळ कडेवरच्या लेकरानं खाल्लेला असतो, हे तुमच्या लक्षात आलं ते चांगलं. "त्यालाही खेळव" असं तिलाच सांगितलं तर ती घरी असते तशीच इथे राहील. ओसरीच्या कोपऱ्यात चटई टाकून लहानग्यांची जागा करा आणि तिथे एक मोठं माणूस कायम बसवा. तुम्ही दोघंच असाल तर वेचणीच्या दिवसांपुरतं तिसरं माणूस मागा, त्यावर तडजोड नको. चटईवर डबे, झाकणं, कापडाच्या घड्या, मोठे लाकडी चमचे. कंचे, चिंचोके, बाटलीची बुचं तिथे नकोत, घशात अडकतात. पाण्याची बादली झाकलेली, कारण एवढं मूल बादलीतही बुडते. सुरुवातीला पोरगी पुन्हा पुन्हा वळून पाहील, भावंड रडेल, तेव्हा तिला हाक न मारता आधी तुम्ही शांत करून बघा.

डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडतो, म्हणून हिवाळ्यात आधी बाहेर, मग खोलीत. अल्पोपाहार अंधार पडल्यावर.

गडी वाटायची जुनी पद्धतच वापरा. सारख्या ताकदीच्या दोघादोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवायची, एक सूर्य, एक चंद्र, आणि येऊन दोन्ही म्होरक्यांना विचारायचं, "कोण पाहिजे?" यात कोणाला निवडलं जात नाही, त्यामुळे कोणी उरतही नाही. विषम संख्या झाली तर उरलेल्याला पंच करू नका, तेच शेवटी उरलेपण झालं. तो दोन्हीकडून एकेक डाव खेळतो. जोड्या पाडताना कोण कोणाशी हात धरायला तयार नाही ते नुसतं टिपून ठेवा. गावात ते जातीवरून असू शकते, घरच्या भांडणावरून असू शकते. ताईंशी बोला, पोरांसमोर नाही.

तुराटी
सात वाजता आवरतानाचं एक राहिलं. दोऱ्या आणि सुतळीचे तुकडे मोजून काढायचे, मोजून आत घ्यायचे. झाडाला बांधलेली एकही दोरी रात्री लटकत राहायला नको, फास पडतो. आवरायला पोरांना घ्या, पण बांधलेलं तुराट्यांचं घर मोडायला लावू नका. पाऊस नसेल तर राहू द्या, उद्या तिथूनच पुढे सुरू करतील.