रिसेप्शन नसलेलं हॉटेल, रात्री १ वाजता चेक-इन: कोड चालला नाही तर?

उशिराची_गाडी
छोटं हॉटेल बुक केलंय, तिथे कर्मचारी कुणीच नसतो. मेन दाराचा आणि खोलीचा असे दोन कोड मेसेजवर येणार आहेत. पोहोचायला रात्रीचा १ वाजेल, सोबत आईवडील आहेत. दार उघडलंच नाही तर काय करायचं? आणि निघण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

कडीकोयंडा
कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो, अडतं ते दार. मोटरवर चालणारा बोल्ट चौकटीला घासत असला की मोटर घुर्र करते, अर्ध्यावर थांबते आणि लाल दिवा लागतो. लोकांना वाटतं कोड चुकला. अशा वेळी एका हाताने दार स्वतःकडे घट्ट ओढून धरा आणि दुसऱ्या हाताने कोड टाका. तरी नाही उघडलं तर दार आत दाबून धरून बघा.

टचपॅड असेल तर आधी तळहात टेकवा, आकडे उजळले की सावकाश एकेक दाबा. शेवटी हॅश किंवा बरोबरची खूण दाबावी लागते, तीच नेमकी राहून जाते. चुकलं तर लगेच पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पॅड स्वतःला थोड्या वेळासाठी बंद करतो आणि मग बरोबर कोडही घेत नाही. पाचेक मिनिटं हात लावू नका.

पॅड उजळतच नसेल तर सेल संपलेत. सेल दाराच्या आतल्या बाजूला असतात, पण बऱ्याच मॉडेलमध्ये बाहेर पॅडच्या खालच्या कडेला दोन छोटे धातूचे ठिपके असतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवून धरायची आणि तशीच धरून कोड टाकायचा. एका बाजूने नाही चाललं तर फिरवून लावा. काही नव्या कुलपांना तिथे यूएसबी-सीचं छिद्र असतं, त्याला पॉवर बँक पुरते. दोन्ही वस्तू हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नकोत.

मालकाला आजच एक प्रश्न विचारा: कुलूप नेटला जोडलेलं आहे का? जोडलेलं असेल तर तो घरबसल्या दार उघडून देऊ शकतो. नसेल तर कुलूप स्वतःच्या घड्याळावरून कोडची मुदत ठरवतं. ते घड्याळ मागेपुढे झालं की नवा कोड लागत नाही. मग मालकाकडून मुदत नसलेला राखीव कोड मिळवणं किंवा किल्ली शोधणं, एवढंच उरतं.

चादर_उशी
मी अशाच खोल्या सांभाळते, म्हणून सांगते: सगळ्यात आधी तारीख बघा. १२ तारखेला रात्री १ वाजता पोहोचणार असाल तर बुकिंग ११ तारखेच्या रात्रीचं हवं. १२चं असेल तर कोड त्या दिवशी दुपारी चेक-इनच्या वेळीच सुरू होतो आणि रात्रभर दाराबाहेर थांबावं लागतं. उशिरा येणार हे लेखी कळवा, नाहीतर काही ठिकाणी आलाच नाहीत असं धरतात.

ओळखपत्र आणि डिपॉझिटचं काम घरूनच उरका. ते पूर्ण झाल्याशिवाय बहुतेक सिस्टिम कोड पाठवतच नाहीत. फोटोत चारही कोपरे दिसले पाहिजेत, फ्लॅशची चमक नको. पासपोर्ट असेल तर खालच्या दोन छापील ओळी कापल्या जाऊ देऊ नका, मशीन त्याच वाचतं. डिपॉझिट अनेकदा कापलं जात नाही, कार्डावर अडकवून ठेवतात. सुटायला काही दिवस लागू शकतात, तेवढी शिल्लक ठेवा.

उशिराची_गाडी
तारीख बरोबर आहे, बघितली. मेसेजमध्ये "की बॉक्स"चाही उल्लेख आहे, तो कसा उघडतात?

कडीकोयंडा
की बॉक्स म्हणजे किल्ली ठेवलेली छोटी कुलपाची पेटी. तिच्यावर आकड्यांची चाकं असतील तर आकडे खुणेच्या रेषेत अगदी सरळ आणा, मग खटका ओढा. दाबायची बटणं असतील तर आधी क्लिअरचा खटका ओढून सोडा, कारण आधी कुणी दाबलेलं बटण दाबलेलंच राहतं. किल्ली काढल्यावर चाकं विस्कटायला विसरू नका.

खोली_क्रमांक_७
दार लोटलं की आपोआप लॉक होतं. पाणी आणायला पॅसेजमध्ये जातानाही फोन सोबत घ्या. दोन्ही कोड, पूर्ण पत्ता आणि मालकाचा नंबर कागदावर लिहून आईवडिलांकडेही द्या. परक्या नेटवर्कवर मेसेज कधीकधी पोहोचतच नाही. झोपताना आतली कडी लावा, कारण कोड इतर कुणाकडे आहे ते आपल्याला दिसत नाही. आत शिरल्याबरोबर खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवा, म्हणजे आधीची मोडतोड तुमच्या नावावर येत नाही.

लिफ्ट आहे का, पायऱ्या किती, हेही आधी विचारा. सामान उचलायला तिथे कुणी नसेल. आणि निघायच्या दिवशी चेक-आउटच्या ठोक्याला कोड बंद पडतो. सामान बाहेर काढून, बाथरूममधला चार्जर बघून मगच दार ओढा.