मदत हवी आहे: पुणे ते कुडाळ, यंदा कोणत्या घाटाने उतरावं?

नमस्कार मंडळी,

गणपतीला कुडाळजवळच्या गावी जायचंय. पुण्याहून निघणार. गाडीत मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि ७६ वर्षांचे बाबा. गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोलवरची छोटी. चालवणारा मी एकटाच, कारण बायको हायवेला झकास चालवते पण घाटात हात लावत नाही.

खरी अडचण दोन माणसांची आहे. लेकीला गाडी लागते. आणि बाबांना दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं, त्यातही गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही, म्हणजे कमोड असलेलीच जागा शोधायची. मोबाईलवरच्या नकाशाला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त मिनिटं कळतात.

गेल्या वर्षी त्याचं ऐकलं आणि पस्तावलो. कोल्हापूरहून गगनबावड्याला पोचेतो संध्याकाळ झालेली. तिथून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. नकाशाने भुईबावड्याकडे वळवलं. उतार सुरू झाला आणि धुकं असं दाटलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. अरुंद रस्ता, समोरून एसटी चढत आलेली, आणि मी रिव्हर्स टाकून संरक्षक कठड्याचा अंदाज घेतोय. तिसऱ्या वळणावर लेकीने पिशवी मागितली, सातव्यावर पिशव्या संपल्या. बाबा खाली सपाटीला लागेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोंड्याने आलो असतो तर." तेवढंच. पण वर्षभर पुरलं.

यंदा नकाशा पसरून नीट बसलो. जे बाद केलं ते आधी सांगतो, म्हणजे तेच परत कोणी सुचवणार नाही.

ताम्हिणी उतरून माणगावला एनएच ६६ गाठायचा, हा पर्याय गणपतीच्या गर्दीत नकोच. मुंबईची सगळी गर्दी तिथूनच खाली सरकत असते. आंबा घाट चांगला आहे, पण तो रत्नागिरीकरांचा. साखरप्याहून हातखंब्याला उतरून परत दक्षिणेला लांजा, राजापूर, कणकवली करत यायचं म्हणजे हाताने तोंडाला वळसा. अणुस्कुरा पावसाळ्यात नको, दरडीची भीती वाटते. गगनबावड्याचं नाव आमच्या घरी काढायची सोय नाही.

उरले दोन.

एक, निपाणीहून (किंवा कोल्हापूरहून) राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि कणकवली. पुढे कुडाळपर्यंत चौपदरी काँक्रीट, तिथे प्रश्नच नाही. बाबांचं मत अर्थातच हे. त्यांच्या तरुणपणी एसटी इथूनच उतरायची म्हणे.

दोन, निपाणी-उत्तूर-आजरा-आंबोली-सावंतवाडी आणि मग उलटं वर कुडाळला. अंतर जरा जास्त पडतं, पण घाट रुंद आहे असं सगळे सांगतात.

विचारायचंय ते असं: वळणं कमी कुठे, म्हणजे पोटात ढवळण्याच्या हिशेबाने? बाबांसाठी थांबायला बऱ्या जागा कुठे? आणि पहाटे ४ ला निघालो तर घाटात किती वाजता पोचणं चांगलं?

*

प्रतिसाद

फोंडा घाट आवडीचा, पण तुमच्या गाडीतली माणसं बघता आंबोली. राधानगरी सोडलं की घाट उतरून फोंडा गाव येईपर्यंत दोन्ही बाजूंना अभयारण्याचं जंगल. डोळ्यांना सुख आहे, पण काकांना मध्येच थांबायचं झालं तर कमोड कुठून आणणार? शिवाय पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला दाजीपूरच्या बाजूला गवे रस्त्यात येतात. आठ-नऊशे किलोचं जनावर हॉर्नला भीक घालत नाही. दिवे मंद करून उभं राहायचं, ते जाईल तेव्हा जाईल.

*

प्रतिसाद

आंबोलीच म्हणतो, पण शनिवार-रविवारी चुकूनही नाही. पावसाळ्यात मुख्य धबधब्यापाशी लोक रस्त्यातच गाड्या लावून भिजायला उतरतात. मागे अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये रांगायचं, क्लचचा वास, काचा बंद, त्यात गाडी लागणारं पोर. डोळ्यांसमोर आणा. मधला वार धरा आणि दहाच्या आत घाट उतरा. पुण्याहून पहाटे ४ ला निघून ते जमणार नाही. सातारा-कागल रस्त्याच्या सहापदरीकरणात ठिकठिकाणी खाली उतरवतात, त्यात वेळ जातो. आदल्या दिवशी निवांत निघून कोल्हापूर किंवा आजऱ्यात मुक्काम करा.

*

प्रतिसाद

उत्तूरऐवजी संकेश्वर धरून बघा. निपाणीनंतर तवंदी घाट, तो हायवेचाच आहे, कळतही नाही. मग संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा. थोडं लांब पडेल, पण रुंद रस्ता आहे आणि गडहिंग्लज चांगलं मोठं गाव असल्याने काकांची सोय होईल.

*

प्रतिसाद

रस्त्याचं वरच्यांनी सांगितलंय. मी पोटाचं सांगते, आमच्याकडे दोघं आहेत तसली.

मुलीला घाटात मोबाईल किंवा पुस्तक अजिबात द्यायचं नाही. मागच्या सीटवर मधे बसवा, म्हणजे समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसतो. डोळे सांगतात स्थिर आहोत आणि कान सांगतो हलतोय, त्या भांडणातून ओकारी येते. रिकामं पोटही वाईट आणि तुडुंब भरलेलंही. गोळी डॉक्टरांना विचारून द्या, पण घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी. लोक पहिल्या वळणावर देतात आणि मग म्हणतात गोळी लागू पडत नाही.

आणि तुम्ही स्वतः. राग मानू नका, पण निम्मी उलटी चालवणाऱ्यामुळे होते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. सतत ब्रेक दाबत उतरलं की मागच्यांची मान पुढे-मागे होत राहते, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हे तुम्हाला माहीत असेलच, गेल्या वर्षी एसटीसाठी मागे घेतलीत ते बरोबर केलंत.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. "निम्मी उलटी चालवणाऱ्यामुळे" हे वाक्य बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

ठरलं ते असं. शनिवार रद्द. बुधवारी दुपारी जेवून निघायचं, कोल्हापुरात मुक्काम. गुरुवारी सकाळी ६ ला निघून संकेश्वर, गडहिंग्लजला पहिला मोठा थांबा, आजऱ्याच्या अलीकडे लेकीची गोळी, आणि दहाच्या आत घाटाखाली दाणोली. क्लच आणि ब्रेक पॅड उद्याच दाखवून घेतो.

राहता राहिले बाबा. त्यांना आंबोली सांगितलं तर म्हणाले, "तुझी गाडी, तुझा रस्ता." हे ज्यांच्या घरी म्हटलं जातं त्यांना याचा अर्थ ठाऊक असेल. म्हणून परतीला फोंडा ठरवलाय. भर दिवसा, घाट चढायचा, कणकवलीत थांबून निघायचं आणि मग थेट राधानगरी. तेवढा वेळ निघेल असं ते स्वतःच म्हणालेत. धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे नातीला दाखवायचेत, त्यासाठी ते माहिती जमवायलाही लागलेत.

एकच शेवटचं विचारतो. कणकवली ते फोंडा रस्ता या पावसात कसा आहे? गेल्या आठ-दहा दिवसांत कोणी गेलं असेल तर खड्ड्यांचं तेवढं कळवा.