अमेरिकेतला कॉन्ट्रॅक्टर टेबल सॉ पुण्याला आणावा का?

भुसा_भुसा:
न्यू जर्सीहून पुण्याला परततोय. इथे १० इंची पात्याचा जुना कॉन्ट्रॅक्टर सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायचं यंत्र) स्वस्तात मिळतोय. बिडाचं टेबल, मागे लटकलेली दीड एचपीची मोटर, पट्ट्यावर चालतो. मोटरच्या नावपट्टीवर ११५/२३० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पुण्यातली खोली १० × १२ फूट, सिंगल फेज. काम सागवान आणि १८ मिमी प्लायचं. सामानात टाकू की तिकडेच पोर्टेबल टेबल सॉ घेऊ?

पुली_पट्टा:
व्होल्टेज जुळेल, हर्ट्झ (विजेची वारंवारता) नाही. इथल्या ५० हर्ट्झवर अशा इंडक्शन मोटरचा वेग ३४५० वरून २८७५ आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास येतो. शिवाय व्होल्टेज तेच आणि हर्ट्झ कमी, म्हणजे ती जास्त करंट खेचते आणि रिकामी फिरतानाही तापते. ट्रान्सफॉर्मर लावून उपयोग नाही, तो फक्त व्होल्टेज बदलतो.

पण मोटर बाहेर आहे हाच या सॉचा फायदा. ती तिथेच सोडा आणि पुण्यात दीड एचपी, सिंगल फेज, २ पोलची (५० हर्ट्झवर साधारण २८७५ आरपीएमची) मोटर घ्या. जुनी पुली सहसा ५/८ इंची शाफ्टची असते, इथल्या मोटरचा शाफ्ट फ्रेमनुसार (मोटरच्या आकारमानानुसार) १९ किंवा २४ मिमी. त्यामुळे मोटरची पुली नवीन लागणार. ती जुनीच्या १.२ पट व्यासाची घेतलीत की पात्याचा वेग मूळचाच राहतो. मोटर बसते त्या प्लेटला भोकंही नव्याने पाडावी लागतील. पात्याचे वरचे दात तुमच्याकडे यायला हवेत. उलटी फिरली तर स्टार्टिंग वाइंडिंगची (मोटर सुरू करून देणाऱ्या गुंडाळीची) दोन टोकं अदलाबदल करा. १६ ॲम्पियरचं सॉकेट, सी कर्व्हचा एमसीबी (मोटर सुरू होतानाच्या जादा करंटला लगेच न पडणारा सुरक्षा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग हवं.

गुण्या९०:
मोटर नंतर. आधी पातं माइटर स्लॉटला (टेबलावरच्या लांब खाचेला) समांतर आहे का ते मोजा. एका दातावर पेनाने खूण करा, तो दात पुढे आणून स्लॉटपासूनचं अंतर घ्या, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा घ्या. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर टेबलाखालचे ट्रनियनचे (पात्याची यंत्रणा धरणाऱ्या आधारांचे) तीन बोल्ट सैल करा, चौथा हलका आवळलेला ठेवा आणि लाकडी हातोडीने ठोकत जुळवा.

मग पातं ४५ अंशाला कलवून तेच माप घ्या. ९० ला बरोबर आणि ४५ ला चूक, तर पुढचा आणि मागचा ट्रनियन एकमेकांशी पिळलेले आहेत. ते सरळ करणं किचकट असतं. तसा सॉ फुकट मिळाला तरी सोडा.

फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) लॉक करून मागचं टोक हलवून पाहा. आणि स्प्लिटर (पात्यामागे काप उघडा ठेवणारा पत्रा) आहे का? जुन्या सॉवर तो गार्डलाच (पात्यावरच्या झाकणालाच) जोडलेला असतो, मालक दोन्ही काढून कुठेतरी हरवतात. सागवान चिरताना ताण सुटून काप मिटतो, पातं आवळलं जातं आणि फळी थेट अंगावर येते. स्प्लिटर नसेल तर माझ्या मते व्यवहार तिथेच संपला.

आडवा_काप:
खोलीचं गणित कुणी केलंच नाही. मोटर मागे फूट-सव्वा फूट जागा खाते. आठ फुटी शीट सरकवायची तर पात्याच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट लागतात. १२ फुटांत ते होणारच नाही. प्लाय जमिनीवर थर्मोकोलवर ठेवून सर्क्युलर सॉ आणि सरळ पट्टीने आधी ढोबळ मापाने कापून घ्यायचा, टेबल सॉवर फक्त नेमकं माप काढायचं. एवढंच काम असेल तर रायव्हिंग नाइफवाला (पात्याबरोबर वर-खाली होणारा स्प्लिटर असलेला) पोर्टेबल पुरतो. उदाहरणार्थ डीवॉल्टचा डीडब्ल्यूई ७४९२: २००० वॅट, २५० मिमी पातं, फेन्स ८२५ मिमीपर्यंत जातं. आवाज मात्र कर्कश, आणि फ्लॅटमध्ये असाल तर शेजारी दुपारी दार वाजवणार.

भुसा_भुसा:
स्प्लिटर आहे, गार्डही आहे. ४५ चं माप शनिवारी घेतो. पात्यांचं काय?

पुली_पट्टा:
अमेरिकन आर्बर (पातं बसतं तो दांडा) ५/८ इंची, इथे ३० किंवा २५.४ मिमी भोकाची पाती सहज मिळतात. रिड्यूसर रिंग (मोठं भोक लहान करणारी कडी) घातलीत तर ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड नको, नाहीतर फ्लॅंज (पातं दाबून धरणारी चकती) पातं धरतच नाही. त्यापेक्षा येतानाच २४ दातांचं चिरायला आणि ६० दातांचं प्लायसाठी, अशी दोन पाती घेऊन या. जाडी स्प्लिटरशी पडताळा: दातांची रुंदी स्प्लिटरपेक्षा जास्त हवी, नाहीतर फळी त्यावरच अडकेल.