माळेगाव यात्रेच्या (नांदेड) पशुप्रदर्शनासाठी देवणी जातीची कालवड, बजेट ५५ हजार. कोणती घेऊ?

मांजराकाठ
राम राम मंडळी. घरी दोन गावरान गाई आहेत, आता एक पक्की देवणी हवीय. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला यात्रा लागते, म्हणजे हातात साडेचार महिने. जनावर, टेम्पो, खुराक सगळं धरून ५५ हजार. त्यावर सासरे एक रुपया काढणार नाहीत. पाहिलेली अशी (वानेरा, शेवरा हे देवणीचेच रंगप्रकार):
१) १४ महिन्यांची वानेरा कालवड, ४२ हजार. आई त्याच गोठ्यात आहे.
२) दोन दाती शेवरा, पाच महिन्यांची गाभण, ५० हजार.
३) बाजारात जाऊन मिळेल ती.
पहिलीचा मालक "रजिस्टर आहे" म्हणतो. नेमका कोणता कागद मागायचा?

गिरवेडा
५५ मध्ये काय येतंय ताई? दीड लाख काढा, गीर घ्या. आमच्या गीरचं कपाळ बघायला माणसं गाडी थांबवतात.

उदगीरची_पेंड
त्यांनी देवणी विचारलीय.
ताई, पहिलीच घ्या, पण आधी नीट बघा. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. कपाळ पुढं आलेलं, कान लोंबते, गळ्याखालची पोळी भरदार, कातडी काळी. शेपटी उचलून आतली कातडी बघा, तिथं गुलाबी निघाली तर संकराची शंका घ्या. चारही सड सारख्या अंतरावर हवेत. पाचवा बारीक सड असेल तर प्रदर्शनात गुण जातात.

काळा_कडबा
पंच शेवरालाच नंबर देतात. अंगभर काळे ठिपके, लांबून उठून दिसतं.

उदगीरची_पेंड
वानेरा, शेवरा आणि पूर्ण पांढरी बालंक्या, तिन्ही देवणीच. कुणाला वेगळा गुण नाही.

काळा_कडबा
मग आमच्याकडं तीन वर्षं शेवराच का आली?

बिल्लाधारी
कागदाचं कुणीच बोललं नाही. "रजिस्टर देवणी" म्हणजे काय ते ऐका. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं देवणी ही *जात* नोंदलेली आहे, तुमची कालवड नाही. गाईगाईची वंशावळ नोंदणारी केंद्राची कळप नोंदणी योजना आहे, पण तिच्यात गाईंपैकी गीर, कांकरेज, हरियाणा आणि ओंगोल एवढ्याच. देवणी नाही. त्यामुळं लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र दाखवून कुणी पाच हजार वाढवले तर नमस्कार करून निघा.
मागायचा तो कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर. जनावरांच्या दवाखान्यात तो ऑनलाइन टाकून घ्या. मालकाचं नाव, वय, लसीकरण दिसतं, आणि कृत्रिम रेतनाची नोंद नीट ठेवलेली असेल तर वळूही. सौदा झाला की त्याच दिवशी मालकी बदलून घ्या. नंतर विकणारा फोन उचलत नाही.

गिरवेडा
म्हणजे गीरला कागद आहे. मी तेच म्हणत होतो.

पायलीभर
ताई, दुसरी घेऊ नका, हिशोब करा. आज पाच महिने पूर्ण असतील तर पुढं चार महिने दहा दिवस. म्हणजे यात्रेच्या आठवडाभर आधी विते. आठवड्याच्या वासरासकट गाय टेम्पोत चढवणार? ओली बाळंतीण, थंडीचा कडाका आणि हजारभर परक्या जनावरांचा श्वास. त्यात दिवस दोन आठवडे चुकीचे सांगितलेले असतात. तरीही घ्यायचीच असेल तर आधी हात घालून गाभ तपासणी आणि ब्रुसेलासाठी, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगासाठी, रक्त. गाभ टाकणारी गाय घरच्या दोन्ही गाईंना तो रोग देते. विल्यावर पडणारी वार हातात घेणाऱ्या माणसालाही होतो.

टेंभुर्णीकर
खिलार का नको? बाकी सगळे पर्याय पाहिलेत.

पायलीभर
दुधासाठी पण हवीय असं वाटतं, म्हणून.

टेंभुर्णीकर
प्रदर्शनाला दूध कशाला लागतं?

मांजराकाठ
दूध सासूबाईंना लागतं. बाजाराचं काय?

उदगीरची_पेंड
बाजारात वय दातांवरून ठरतं आणि तिथंच फसवतात. आदत म्हणजे सगळे दुधाचे दात. दोन दाती साधारण दोन ते अडीच वर्षांची. "१४ महिन्यांची" म्हणून दोन दाती गळ्यात मारली तर प्रदर्शनात आदत गटातून बाहेर, मोठ्या गटात लहानखुरी. ओठ स्वतः उचला, मालकाला उचलू देऊ नका, तो अंगठ्यानं मधले दोन झाकतो.
आणि विचारा, जुळी होती का? नराबरोबर जुळी जन्मलेली मादी दहापैकी नऊ वेळा वांझ निघते. हे कुणी आपणहून सांगत नाही.

लंपीनंतर
बाजारातून आणलेलं जनावर २१ दिवस वेगळं. वेगळं म्हणजे वेगळी बादली, वेगळी दावण, आणि तिचं शेण-पाणी शेवटी. आम्ही चौथ्या दिवशी एकत्र बांधलं. पुढचं विचारू नका.

काळा_कडबा
लस टोचली की काय होत नाही.

लंपीनंतर
लसीला काम करायला तीन आठवडे लागतात. लाळ्या-खुरकूत आणि लंपी दोन्ही यात्रेच्या महिनाभर आधी. आदल्या दिवशी टोचून दाखला मिळेल, संरक्षण मिळणार नाही. ब्रुसेलाची लस मात्र आता नाही, ती मादी वासराला चार ते आठ महिन्यांतच, आयुष्यात एकदा.

बिल्लाधारी
मी सांगतच होतो, बिल्ला नंबर टाकला की लसीकरण दिसतं.

खरारा
तयारीचं राहिलं. वजन काढा: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी, भागिले ६६०. घेर ५०, लांबी ४४ असेल तर १६७ किलो. जंताचं औषध या वजनावर, अंदाजानं नाही.
खुराक दीड किलोच्या वर नको: ज्वारी-मक्याचा भरडा, थोडी सरकी पेंड, ३० ग्रॅम खनिज मिश्रण, २० ग्रॅम मीठ. रोज एकदम दीड किलो सुरू केला तर पोट फुगतं, शेण पातळ होतं आणि कालवड आठ दिवस खात नाही. अर्ध्या किलोपासून, दर चार दिवसांनी २०० ग्रॅम. कडबा कुट्टी मात्र पोटभर. "चरबी आली म्हणजे चमक आली" असं नसतं, लठ्ठ कालवडीच्या कासेत चरबी भरते आणि पुढं दूध कमी.
खूर तीन आठवडे आधी साळा, चुकून खोल गेला तर लंगडं बरं व्हायला वेळ मिळतो. शिंगं काचेनं तासू नका. देवणीचं शिंग जातीची खूण आहे, तासून पातळ केलं तर पंच विचारतो आणि खोल गेलं तर रक्त. करडईचं तेल पुरे.
रोज वीस मिनिटं दोरीवर चालवा. सुरुवातीला सकाळी उपाशी, घमेलं पुढं धरून. वाजंत्रीची सवय पोळ्याला लावा, नाहीतर मैदानात ढोल वाजला की तुम्ही दोरीला लोंबकळताय.

काळा_कडबा
तोंड काळं कमी असेल तर काजळी फासतात.

खरारा
आणि पंच ओला फडका फिरवतो.

बैलपोळा_जोरात
टेम्पोत तळाला पाचट नाहीतर वाळू टाका, लोखंडावर पाय घसरतो. उतरवायला बांध शोधा, उडी मारायला लावू नका. दोरी आखूड बांधा, मान खाली गेली की पाय अडकतो.

टेंभुर्णीकर
टेम्पो किती घेतो सध्या?

गिरवेडा
आमची गीर आणताना भाडंच २२ हजार झालं होतं.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. कालवडीचा बिल्ला दवाखान्यात पाहिला. जन्म नोंद पाहता ती आता १९ महिन्यांची आहे, १४ ची नाही. मालक म्हणाला पेपरात चूक.
शेवरा घेतली. रक्त तपासून घेतलं, ब्रुसेला नाही. ४८ ला सुटली. यंदा माळेगावला जाणार नाही, गाय तर नाहीच नाही. होणारं वासरू पुढच्या वर्षी आदत गटात. सासूबाई खूश, सासरे अजून बोलत नाहीत.

पायलीभर
ताई, मी नको म्हणलो होतो तीच घेतलीत. असो. शेवटचे दोन महिने चाऱ्याला कमी करू नका आणि कासेची सूज बघत राहा.

काळा_कडबा
शेवराच. मी पहिल्यापासून तेच सांगत होतो.

गिरवेडा
वासरासाठी गीरचा वळू लावला असता तर...